माझ्या मुठीवरच्या पाच पट्ट्या

मी रॅकेट बोलतेय. टेनिसची. जरा लांबच उभे राहा आणि माझ्या मुठीला हात लावू नका. राग मानू नका हं, पण कुणी गोड बोलून मूठ कुरवाळायला लागलं की माझ्या मनात पाल चुकचुकते. का, ते कळेलच.

संशयी स्वभाव मला जन्मापासूनचाच. कारखान्यात कार्बनच्या काळ्या धाग्यांचे थर साच्यात दाबून, भट्टीत भाजून मला घडवलं. अजून अंग नीट थंडही झालं नव्हतं, तोच एका बाईनं मला डोळ्यांसमोर आडवी धरली, एक डोळा मिटला आणि म्हणाली, "हं." बरी की वाईट, काही नाही. नुसतं 'हं'. ते 'हं' माझ्या जिवाला लागलं ते आजतागायत.

पहिला मालक दातांचा डॉक्टर. अकरा दिवस खेळला. मारलेला प्रत्येक चेंडू कुंपणापलीकडे. अकराव्या दिवशी त्यानं मला नेटच्या खांबावर हाणलं आणि चारचौघांना ऐकू जाईल असं म्हणाला, "रॅकेटच खराब आहे!" नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! मग तीन वर्षं मी त्याच्या दवाखान्यातल्या कपाटावर. खालून लोकांचं विव्हळणं ऐकायचं आणि अंगावर धूळ घ्यायची. माणसाच्या जातीवर विश्वास बसावा असं तिथं काही घडलं नाही.

एकदा दाढ काढायला आलेल्या एका माणसाचं लक्ष माझ्याकडे गेलं. त्याची मुलगी टेनिस शिकते म्हटल्यावर डॉक्टरनं मला कपाटावरून उतरवलं आणि म्हणाला, "घेऊन जा, भेट समजा. अगदी नवीकोरी आहे."

"कुठं आपटलीय का?" गालात कापूस असतानाच त्या माणसानं विचारलं.

"छे छे!"

खोटारडा! पण त्या माणसानं खिडकीच्या उजेडात मला फिरवलं, नखानं कड चाचपली आणि बरोबर खांबाच्या जागी बोट थांबवलं. "इथं आपटलीय," तो म्हणाला. डॉक्टर ओशाळला. मला वाटलं, चला, निदान एक तरी डोळस माणूस भेटला.

हे खारूचे बाबा. बाटल्यांच्या कारखान्यात तपासनीस. दिवसभर उजेडासमोरून बाटल्या सरकत जायच्या आणि यांनी त्यातली तडा गेलेली उचलून बाजूला टाकायची. चोवीस वर्षं हेच काम. त्यामुळे घरी आले तरी डोळे तेच. डाळ निवडताना खडा शोधायचे, दूधवाल्याच्या हसण्यात पाणी शोधायचे. मला आवडले. माझ्याच गोत्रातले.

आणि खारू, त्यांची एकुलती एक लेक. खारीसारखी इकडून तिकडे पळायची म्हणून सगळे तिला खारूच म्हणायचे. पंधरा वर्षांची, हात बारीक, आणि हट्ट भलता मोठा. पहिल्याच दिवशी तिनं मला दोन्ही हातांनी धरून नाकाला लावलं आणि म्हणाली, "बाबा, हिला दवाखान्याचा वास येतोय!" मी सावध होते, पण सांगते, तिचा हात मला आवडला.

खेळ मात्र आनंदीआनंद. डॉक्टरसारखाच हिचाही चेंडू उठसूट मागच्या रेषेबाहेर. आता ही मला कोणत्या खांबावर हाणते, याची मी वाट बघत होते. पण तिला शिकवणारे जे सर होते, त्यांनी एके दिवशी तिला मध्येच थांबवलं. रॅकेट मागे नेलेली, हात हवेत.

"हलू नकोस. आता बघ, रॅकेटचं तोंड कुणाकडे आहे?"

खारूनं मान वळवली. "आभाळाकडे, सर."

"मग चेंडू कुठं जाणार? आभाळातच! तू चेंडू मारतेस पुढं, पण तो कुठं जायचा हे ठरतं मागं. मागे नेतानाच तोंड जरा जमिनीकडे झुकव. हात खालून वर आला की ते आपोआप सरळ होतं. चेंडू नेटवरून जातो आणि गिरकी घेऊन आत उतरतो. मुद्दाम मनगट फिरवायला वेळ कुणाला असतो?"

"पण मागे बघितलं तर चेंडू दिसणार नाही."

"बघायचं नाहीच. हातानं ओळखायचं." सरांनी तिचं बोट माझ्या मुठीवरून फिरवलं. "मूठ गोल नसते. आठ बाजू, आठ कडा. ही कड बोटाच्या मुळाशी आली की तोंड बरोबर खाली बघतं. कड हरवली की तोंड फिरलंच समज. बोटभर फिरलं तरी चेंडू हातभर बाहेर."

एवढी वर्षं मी स्वतःच्या तोंडाबरोबर राहतेय, पण माझ्याबद्दल इतकं खरं कुणी बोललं नव्हतं. पुढचे सहा महिने खारू घरातही मला धरून डोळे मिटायची, कड शोधायची आणि ओरडायची, "आई, बघ, खाली बघतेय ना?" आई मशीनवर शाळेचे गणवेश शिवत असायची. मान वर न करता म्हणायची, "बघतेय गं बाई, चांगली लाजून बघतेय."

चेंडू आत पडायला लागले. आणि इथूनच खरी गोष्ट सुरू होते.

खेळाडूंच्या वसतिगृहात मुलींसाठी एकच जागा होती. तिथं राहणं, शाळा, रोजचा सराव, सगळं. पण सोळा पूर्ण झाल्यावर घेत नव्हते आणि खारूला पाच महिन्यांत सोळा पूर्ण होणार होती. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही. शेवटी दोघीच उरल्या. एक खारू आणि दुसरी, आता ऐका, सरांची सख्खी भाची! तीन सामने, महिन्याला एक, दोन जिंकेल तिची जागा. आणि पंच कोण? सर! आता सांगा, संशय घ्यायला मी वेडी का?

पहिला सामना खारू जिंकली. त्या दिवशी माझ्या मुठीवर बाबांनी नवी पांढरी पट्टी गुंडाळली होती, घाम टिपणारी, मऊ. झालं! ती पट्टी भाग्याची ठरली. "ही आता काढायची नाही," बाबांनी जाहीर केलं. पंधरवड्यात ती मळली, खरखरीत झाली, खारूच्या तळव्याला फोड आले. बाबांनी काय करावं? पांढरी तशीच ठेवून वरून निळी चढवली. मग निळीवर पिवळी. मग हिरवी. शेवटी राखाडी. रविवारी सकाळी खुर्चीत बसून, जीभ दातांत धरून, एकेक वेढा ओढून बसवायचे आणि वर अंगठ्यानं दाबत म्हणायचे, "माझ्या पोरीचा हात दुखता कामा नये."

खरं सांगते, मला बरं वाटायचं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला असं पांघरूण घालत होतं. मी गप्प बसले.

दुसऱ्या सामन्यात खारूचे चेंडू बाहेर जायला लागले. एक गेला, दोन गेले, मग रांगच लागली. मला कळत होतं, मागे नेतानाच माझं तोंड वर होत होतं. पण का? हात तोच, पोरगी तीच. दोन-सहा, दोन-सहा. हरली. भाचीनं हात मिळवला आणि म्हणाली, "आज काय झालं गं तुला?" तिच्या त्या गोड आवाजाचाही मला संशय आला.

मग मी एकेकाला धरलं. मनातल्या मनात, तोंड असून बोलता कुठं येतं मला! आधी तारा बसवणारा म्हातारा. कानावर पेन्सिल ठेवून गालात हसायचा, त्यानं तारा सैल ठेवल्या असतील. मग भाची. माझ्या शेजारच्या बाकावर बसून नखं खायची, तिनं काहीतरी केलं असेल. आणि मग सर. कारण मी डोळ्यांनी पाहिलं, खारू पाणी प्यायला गेली तेव्हा सरांनी मला पिशवीतून काढलं, मूठ धरली, दहा चेंडू भिंतीवर मारले, कपाळाला आठ्या घातल्या आणि गुपचूप परत ठेवलं. चोराच्या मनात चांदणं!

खारू आल्यावर त्यांनी विचारलं, "रॅकेट धरायची पद्धत बदललीस का?"

"नाही सर. तशीच धरते."

"रॅकेट तर ठीक आहे. माझ्या हातात बरोबर चालते. मग तुझंच मन लागत नाहीये."

सरांचा पंजा थोरला. त्यांच्या हाताला माझी जाड मूठ बरोबर बसत होती, म्हणून त्यांना खोट सापडली नाही. हे मला आज कळतं. तेव्हा मात्र मी ठरवूनच टाकलं की या माणसानं काहीतरी डाव टाकलाय.

घरी बाबांनीही तेच ठरवलं होतं. त्यांना कारणच हवं होतं. "रॅकेट खाली बघू दे म्हणे! आधी बरं खेळत होती. यांनीच तिचा हात बिघडवला. सख्खी भाची आहे ना!" खारू म्हणाली, "बाबा, सर तसे नाहीत." तर बाबा म्हणाले, "मी चोवीस वर्षं तडे शोधतोय. मला शिकवू नकोस."

आणि दुसऱ्या दिवशी कुंपणाला दोन्ही हातांनी धरून, सगळ्या पोरांच्या, आईबापांच्या देखत ते ओरडले, "अहो सर, भाचीसाठी माझ्या पोरीचं वाटोळं करताय, लाज नाही वाटत?"

सर पांढरेफटक पडले. मग हळू आवाजात म्हणाले, "तुमचा माझ्यावर विश्वास नाही ना? ठीक आहे. शेवटच्या सामन्यात भाचीच्या बाजूच्या मागच्या रेषेवर तुम्हीच उभे राहा. तुमच्या मुलीचे चेंडू तिथंच पडणार. आत की बाहेर, तुम्ही सांगाल ते. मी फक्त गुण मोजेन."

आता यात काय डाव असेल, याचा मी पिशवीत पडल्या पडल्या आठ दिवस विचार केला. सापडला नाही, तेव्हा तर संशय दुप्पट झाला.

खारूचं बोलणं बंद झालं. सरांनी बोलावलं की मान खाली, बाबांनी विचारलं की मान खाली. शेवटच्या सामन्याच्या आदल्या संध्याकाळी तिनं मला आईच्या मशीनशेजारी ठेवलं आणि म्हणाली, "आई, उद्या हरले की हिला कुणालातरी देऊन टाक. मला सगळे खोटारडी समजतात. सर म्हणतात मन नाही, बाबा म्हणतात सरांनी बिघडवलं. मी नीट धरते गं, शप्पथ! तरी बाहेर जातो."

आईनं मशीन थांबवलं. तिनं मला आजवर कधी हातात घेतलं नव्हतं, खेळ हे बाबांचं खातं. आज बाजूला सरकवायला म्हणून मूठ धरली आणि तशीच थांबली.

"ही एवढी जाड होती का गं?"

"बाबा पट्ट्या लावतात ना."

"किती?"

खारूला आठवेना. आईनं आपली कात्री उचलली. कात्रीच्या अंगठा घालायच्या जागी कापडाची चिंधी गुंडाळलेली होती. "हे बघ. चिंधी झिजली की मी आधी जुनी सोडवते, मग नवी बांधते. एकदा आळस केला आणि जुन्यावरच बांधली. दोन दिवस सगळ्या कॉलरी तिरक्या कापल्या. हात तोच होता, कात्री तीच होती, पण अंगठ्याला कळेना की पातं कुठं चाललंय." तिनं मला खारूच्या हातात दिलं. "डोळे मीट. तुझी ती कड कुठंय, सांग."

खारूनं डोळे मिटले. मूठ फिरवली. पुन्हा फिरवली. तिचा चेहरा पडला. "आई... कडच नाहीये."

राखाडी, हिरवी, पिवळी, निळी, आईनं एकेक सोडवली आणि खाली टाकली. शेवटी पांढरी आली, घामानं पिवळी पडलेली. तीही काढून तिनं एकच नवी पट्टी घट्ट बसवली. खारूच्या बोटाच्या मुळाशी माझी कड टेकली आणि पोरगी एवढ्या मोठ्यानं रडली, की मला वाटलं तिला लागलंच.

मला मात्र लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. महिनाभर मी जगावर संशय घेतला. तारावाला, भाची, सर. आणि खोट कुठं होती? माझ्याच अंगावर, मला ऊब देत होती! ज्यानं गोंजारलं त्याचा संशय मला एकदाही आला नाही.

तेवढ्यात बाबा कामावरून आले. दारातच थबकले. जमिनीवर पाच रंगांच्या पाच पट्ट्या. त्यांनी खाली बसून एकेक उचलली, बोटांवर गुंडाळली, एकावर एक ठेवून जाडी बघितली. तपासनीस ते तपासनीसच, सांगायची गरज पडली नाही.

"मीच की," एवढंच म्हणाले.

आई म्हणाली, "काखेत कळसा आणि गावाला वळसा. आता हात धुवा आणि जेवा. उद्या लवकर जा आणि सरांशी बोला."

बाबा लवकर गेले. ज्या कुंपणाशी ओरडले होते तिथंच, त्याच लोकांसमोर हात जोडून म्हणाले, "सर, चूक माझी होती. माझ्या हातानं झाली होती." सरांनी ऐकून घेतलं. चेहरा काही सैल झाला नाही. म्हणाले, "रेषेवर तुम्हीच उभे राहायचंय. ठरलंय ते ठरलंय."

खारू त्या दिवशी काय खेळली म्हणून सांगू! महिनाभराची वाईट सवय एका रात्रीत जात नाही, पहिले काही चेंडू बाहेरच गेले. पण मग कड सापडली. मागे नेलं की माझं तोंड खाली, पुढं आलं की सरळ, चेंडू नेटवरून जाऊन झपकन आत. भाचीही हटेना. पहिला सेट खारूचा, दुसरा तिचा, तिसऱ्यात सहा-सहा. त्या मैदानाचा नियम होता, तिथून पुढं एकच गुण. जो घेईल त्याचा सामना. म्हणजे वसतिगृहाची जागाही त्या एका गुणावर.

बराच वेळ चेंडू इकडून तिकडे चालला. मग भाचीचा एक चेंडू आखूड पडला, अगदी मारण्याजोगा. खारू पुढं धावली, मला मागं नेलं, आणि तिची मूठ एकदम आवळली गेली. माझं तोंड जरासं, अगदी बोटभर, वर झालं. मागे नेतानाच मला कळलं.

चेंडू मागच्या रेषेपाशी पडला आणि कुंपणावर आदळला.

भाचीनं खांदे पाडले. तिला तो आतच वाटला, हात पुढं करून ती नेटकडे यायलाही लागली. सर लांब खुर्चीत, मध्ये नेट, त्यांना दिसणं शक्य नव्हतं. सिमेंटचं मैदान, ठसा उमटत नाही. चेंडू कुठं पडला हे पाहणारा एकच माणूस, तिचा बाप. सगळे त्याच्याकडे बघत होते. आणि खोटं कशाला बोलू, माझ्या संशयी मनात आलंच, आता हा माणूस गप्प बसणार. त्यानं फक्त गप्प बसायचं होतं. पोरीचं झालेलं सगळं नुकसान तिथल्या तिथं भरून निघत होतं.

बाबांनी हात वर केला.

"बाहेर."

सर खुर्चीतून उतरून आले. "नक्की?" त्यांनी विचारलं, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज मऊ झाला होता. "पुन्हा एकदा विचार करा. माझी हरकत नाही."

"नक्की, सर. एक बोट बाहेर. तडा दिसल्यावर बाटली पुढं जाऊ देता येत नाही." मग खारूकडे न बघताच म्हणाले, "पोरी, मी तुझं दोनदा वाटोळं केलं गं."

खारू चालत त्यांच्यापर्यंत गेली. मी तिच्या हातात होते. तिचे डोळे भरले होते, पण आवाज स्वच्छ होता.

"बाबा, बाहेरच होता. मला मागे नेतानाच कळलं."

तिला कळलं होतं! माझ्याइतकंच, माझ्याबरोबरच. जागा गेली होती, पण तिचा हात परत आला होता. बापलेक दोघंही रडले आणि सर मला तिच्या हातातून घेऊन उगाच माझ्या तारा सरळ करत राहिले.

वसतिगृहात भाची गेली. खारू इथंच सरांकडे खेळते, रोज सकाळी, शाळेच्या आधी. तिची उंची वाढली, आता तिच्याकडे माझ्याहून लांब आणि जड रॅकेट आहे. मला तिनं कुणाला देऊन टाकलं नाही. मी मैदानावरच्या खोलीत खुंटीला असते. नवीन पोरं शिकायला आली की सर मला त्यांच्या हातात देतात आणि हात हवेत थांबवून विचारतात, "आता रॅकेट कुणाकडे बघतेय?"

आणि दर रविवारी सकाळी बाबा येतात. बाकावर बसतात, पोरांच्या सगळ्या रॅकेटी शेजारी ठेवून घेतात आणि प्रत्येकीची जुनी पट्टी पार आमच्या अंगापर्यंत सोडवून मगच नवी चढवतात. मग डोळे मिटून आठही कडा बोटानं मोजतात. कुणी म्हणालं, "काका, राहू द्या ना, वरूनच लावा," तर ऐकत नाहीत. माझ्यापर्यंत आले की जरा जास्त वेळ लावतात. मीही श्वास रोखून मोजत असते, एक, दोन, तीन... अजून त्यांच्यावर माझा पूर्ण विश्वास नाही, पण आठ होईपर्यंत ते थांबतात हे मी मान्य करते.

तुम्हीही कुणाच्या मुठीवर मायेनं काही चढवायला निघाला असाल, तर एवढं ऐका. आधीचं काढा. आणि आता जा, पोरं आलीत. दार ओढून घ्या, आणि हो, जाताना माझ्याकडे बघून 'हं' म्हणू नका.